हिस्लॉप यांच्या नावाचा मासा

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज माहीत नाही, असा मराठी माणूस विरळाच. १८८३ साली सुरू झालेल्या या कॉलेजात शिकून गेलेली माणसे पुण्या-मुंबईतही भेटतात. पण ज्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे नाव कॉलेजला दिले, त्यांचेच नाव एका माशालाही दिलेले आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. हा मासा बाजारात मिळणार नाही. साडेसहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी तो आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाण्यात पोहत होता. आता तो उरला आहे तो केवळ दगडात.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या गावी झाला. धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १८४४ च्या अखेरीस मुंबईला उतरले आणि पुढच्या वर्षी नागपूरला पोहोचले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. आले होते ते धर्मप्रसारासाठी. त्यासाठी मराठी शिकले, १८४६ साली शाळा काढली. धर्मांतराच्या प्रश्नावरून त्यांच्याविषयी आपल्याकडे दोन मते असणे स्वाभाविक आहे. पण ज्या मुलखात उपदेश करायचा, त्या मुलखाची भाषा, माणसे, झाडे आणि दगडही नीट समजून घेतले पाहिजेत, ही त्यांची वृत्ती मात्र कोणालाही आवडावी अशी होती. गोंडांच्या कथा-गीतांचे त्यांनी केलेले संकलन त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली प्रसिद्ध झाले.

१८५१ साली हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरच्या पश्चिमेला, टाकळीच्या परिसरात, दगडात रुतलेले शंख आणि हाडांचे तुकडे सापडले. हा दगड काळ्या कातळाच्या दोन थरांच्या मधोमध होता. पार्लेकरांनी शेजारच्या अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आठवावी. तिचा काळा दगड ज्या ज्वालामुखींच्या काळातला, त्याच काळातला हा नागपूरचा कातळ. लाव्हाचा एक लोंढा येऊन थंड झाला की पुढचा येईपर्यंत पुष्कळ काळ जाई. मधल्या वेळात तळी साचत, त्यांत गोगलगाई आणि मासे राहत. पुढचा लोंढा आला की त्या तळ्यांचा गाळ खाली कायमचा बंदिस्त होऊन जाई.

अशा गाळात अख्खा मासा क्वचितच मिळतो. बहुधा हाती येतो तो एखादा खवला, एखादा दात किंवा मणका. त्यावरून मासा कोणता, हे कसे सांगायचे? लुई अगासी या स्विस शास्त्रज्ञाने १८३३ ते १८४३ या काळात जीवाश्म माशांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि खवल्यांवरूनच माशांचे चार वर्ग पाडले. त्यांतले तीन आपल्याला समजायला सोपे आहेत. रोहूचा खवला पातळ आणि गुळगुळीत काठाचा असतो. जिताडा किंवा हेकरू यांच्या खवल्याची कड कंगव्यासारखी दातेरी, बोट फिरवले की खरखरीत लागणारी. तिसऱ्या प्रकारचा खवला आपल्या बाजारात दिसत नाही. तो जाड, हाडासारखा, शंकरपाळ्याच्या आकाराचा आणि वरून मुलामा दिल्यासारखा चकचकीत असतो. घराच्या कौलांसारखे असे खवले एकमेकांत अडकून माशाच्या अंगावर चिलखतच तयार होते.

असे चिलखत घातलेले मासे सिरोंच्याजवळ, प्राणहितेच्या काठच्या कोटा गावी, कोळशाचा शोध चालू असताना चुनखडीत सापडले होते. १८५१ साली कर्नल साइक्स यांनी ते लंडनच्या भूवैज्ञानिकांपुढे मांडले आणि सर फिलिप एगर्टन यांनी त्यांचे वर्णन केले. दख्खनचे नाव देऊन त्यांनी या माशाला लेपिडोटस डेक्कनेन्सिस म्हटले. इंग्लंडमध्ये असे मासे ज्युरासिक काळाच्या आरंभीच्या खडकांत मिळत. तेव्हा कोट्याचा चुनखडकही साधारण त्याच काळातला असावा, असे अनुमान निघाले. पुढच्या संशोधनातही तो ज्युरासिकच ठरला. पंचांगात तिथी पाहावी तशी खडकाची तिथी माशाच्या अंगावर वाचता आली होती.

हिस्लॉप यांच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे होते. नागपूर आणि कामठीच्या वालुकाश्मात त्यांना वनस्पतींचे असंख्य ठसे मिळाले होते. त्या खडकांचे वय ठरवताना १८५५ च्या निबंधात त्यांनी आणि हंटर यांनी तेही ज्युरासिक मानले. इथे मात्र त्यांचा अंदाज चुकला. ते खडक त्याहून कितीतरी जुने, पर्मियन काळातले निघाले. लाव्हाच्या थरांमधला गाळही त्यांनी शंखांवरून जरा अलीकडचा धरला होता. पण नमुना कुठल्या गावचा, कोणत्या थरातला, त्याच्या वर-खाली काय होते, हे त्यांनी काटेकोरपणे लिहून ठेवले. जे आपल्याला ओळखता येत नाही ते लंडनच्या जाणकारांकडे पाठवले. म्हणूनच पुढच्यांना त्यांच्या चुका दुरुस्त करता आल्या.

वरोऱ्याजवळच्या पिसदुरा भागातूनही हिस्लॉप यांनी हाडांचे अवशेष मिळवले. पण त्यांच्यापाशी वेळ थोडाच उरला होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते मध्य प्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेम्पल यांच्याबरोबर टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले होते. परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

पंचेचाळीस वर्षांनी, १९०८ साली, ब्रिटिश म्युझियमचे आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी पिसदुऱ्याजवळच्याच डोंगरगावचे मासे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी तपासले. तोवर केवळ खवल्यांवर विसंबण्याची पद्धत मागे पडली होती. कवटीची हाडे, जबडा, मणक्यांची घडण, परांची जागा, शेपटीचा सांगाडा हे सगळे मिळून माशाचे कूळ ठरवले जाई. डोंगरगावात जुन्या चिलखती घराण्यातले मासे होतेच, पण त्यांच्या सोबत एक अगदी वेगळा, आजच्या माशांसारखा मासाही होता. हेकरूच्या आप्तांचा, म्हणजे सेरॅनस माशांचा, हा पूर्वज असावा असे मानून वुडवर्ड यांनी त्याला इओसेरॅनस म्हटले आणि पुढे हिस्लॉप यांची आठवण म्हणून हिस्लॉपी हे नाव जोडले.

शंभर वर्षे होत आली तेव्हा, २००४ साली, परदेशी आणि भारतीय संशोधकांनी हा मासा पुन्हा तपासला. पाठीवरच्या पराचे पुढचे काटे टणक आणि पोटाकडचे पर छातीच्या परांखाली सरकलेले, ही ज्या प्रचंड शाखेची लक्षणे, त्या शाखेतला तो नक्की. आपले हेकरू, तांबोशी, जिताडा त्याच शाखेतले. मात्र हेकरूशी त्याचे थेट नाते सांगता येत नाही. म्हणजे वुडवर्ड यांचेही अनुमान पुढच्यांनी तपासून सुधारले.

प्राण्यांना नावे देण्याच्या नियमांत एक गंमत आहे. संशोधन पुढे गेले की माशाचे कूळ बदलते, नावाचा पहिला शब्दही बदलू शकतो. दुसरा शब्द मात्र सहसा तोच राहतो. उद्या डोंगरगावचा हा मासा दुसऱ्या कुळात गेला, तरी त्याच्या नावामागे हिस्लॉपी हा शब्द बहुधा असेलच.