हान्स-योआखिम मार्से
हान्स-योआखिम मार्से (१३ डिसेंबर, १९१९:शार्लोटनबुर्ग, बर्लिन, जर्मनी - ३० सप्टेंबर, १९४२:सिदी अब्देल रहमानजवळ, इजिप्त) हा दुसऱ्या महायुद्धातील जर्मन लढाऊ वैमानिक होता. त्याच्या नावावर १५८ हवाई विजयांची नोंद असून त्यांपैकी १५१ उत्तर आफ्रिकेतील आहेत. विमानावरील पिवळ्या १४ या आकड्यामुळे तो विशेष ओळखला जातो.

ब्रिटनच्या लढाईत त्याच्या खात्यावर सात विजय जमा झाले, परंतु बेशिस्तीमुळे त्याची बदली यागडगेश्वाडर २७ या दलात करण्यात आली. एप्रिल १९४१मध्ये तो या दलासह लिब्यात दाखल झाला.

विमानावरील रंग व खुणा

मार्सेचे मेसरश्मिट बीएफ १०९ विमान वरून वाळूच्या रंगाचे, तर खालून फिकट निळे असे. वरून पाहणाऱ्यास ते वाळवंटात व खालून पाहणाऱ्यास आकाशात मिसळून जावे, हा त्यामागील हेतू होता. शेपटीअलीकडचा पांढरा पट्टा ही भूमध्य सागरी आघाडीची खूण होती. आकड्याचा रंग मात्र वैमानिकाच्या आवडीचा नसे. गटातील पहिल्या तुकडीस पांढरा, दुसरीस लाल किंवा काळा आणि तिसरीस पिवळा रंग ठरलेला होता. मार्से तिसऱ्या तुकडीत होता व जून १९४२मध्ये तिचा प्रमुख झाला. पिवळा १४ हा आकडा एकाच विमानाचा नव्हे. त्याच्या एफ-४ प्रकारच्या लागोपाठच्या चार विमानांवर तो होता.

प्रत्येक विजयाची पट्टी सुकाणूवर रंगवली जाई. १ सप्टेंबर, १९४२ या एका दिवशी त्याच्या नावे १७ विजय नोंदले गेले. यांतील काही दाव्यांना ब्रिटिश नोंदींचा आधार मिळत नाही. त्यामुळे सुकाणूवरील पट्ट्या म्हणजे मान्य झालेले दावे होत, पाडलेल्या विमानांची निर्विवाद मोजदाद नव्हे. १५८ पट्ट्यांचे सुकाणू बर्लिन-गाटो येथील लष्करी विमान संग्रहालयात आहे.

मृत्यू

नव्या जी-२ विमानाच्या इंजिनावर मार्सेचा विश्वास नव्हता व ते वापरण्यास तो नाखूश होता. ३० सप्टेंबर रोजी मोहिमेवरून परतताना त्याच विमानाच्या इंजिनाने पेट घेतला आणि कक्षात धूर भरला. शत्रूची गोळी लागलेली नव्हती. बाहेर उडी टाकताना तो शेपटीवर आदळला व हवाई छत्री उघडलीच नाही. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. त्याचे दफन देर्ना येथे झाले. नंतर अवशेष तोब्रुक येथील जर्मन युद्धस्मारकात हलवण्यात आले.