इंद्रवज्र पाहणारा कर्नल आणि नगरची शिरगणती

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जाणाऱ्या ट्रेकरना कर्नल साईक्स हे नाव ओळखीचे असते. कड्याखालून वर आलेले धुके, पाठीशी सूर्य, समोर धुक्यावर रंगांचे पूर्ण वर्तुळ आणि त्यात पाहणाऱ्याची सावली, या इंद्रवज्राची शास्त्रीय नोंद त्यांनी केली. ते १८३५ मध्ये दिसले असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात ते वर्ष त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापल्याचे आहे. साईक्स १८३१ मध्येच हिंदुस्थान सोडून गेले होते. त्याआधी काही वर्षे ते या मुलुखात हिंडत होते ते दख्खनची माणसे मोजण्यासाठी.

विल्यम हेन्री साईक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० चा. कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात आणि १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध ते लढले. हिंदुस्थानी आणि मराठी या भाषा त्यांनी दुभाष्याचे काम करण्याइतक्या आत्मसात केल्या होत्या.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मोठा मुलूख कंपनीच्या हाती आला. पण त्यात माणसे किती, पिके कोणती, जमीन कोणाकडे, याचा नीट हिशेब सरकारकडे नव्हता. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ऑक्टोबर १८२४ मध्ये साईक्स यांना ‘सांख्यिकी वार्ताहर’ नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टऱ्या त्यांच्या अभ्यासाचे क्षेत्र ठरल्या. त्या वेळच्या नगर कलेक्टरीत आजच्या नाशिक जिल्ह्याचाही मोठा भाग येत असे. लोकसंख्या, पिके, मजुरी, उद्योग, हवामान, मिरासदारांचे हक्क, पाटील-कुलकर्णी आणि बलुतेदारांची व्यवस्था, हे सारे त्यांनी टिपले. ही उठाठेव मुख्यतः राज्यकारभार आणि महसुलासाठी होती, हे विसरता येत नाही.

साईक्स नुसते आकडे मात्र घेत नव्हते. आकडा कोणत्या जागेचा, ती जागा किती उंचीवर, तिथली हवा कशी, हेही ते पाहत. उंची मोजायला त्यांनी साधा तापमापक वापरला. जसजसे उंच जावे तसतसा हवेचा दाब घटतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. दर ३०० मीटरमागे साधारण एक अंश सेल्सिअसचा फरक पडतो. समुद्रकाठी १०० अंशांना उकळणारे पाणी सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरच्या नगर शहरात ९८ अंशांच्या आसपास उकळते. नाजूक वायुभारमापक डोंगरातून नेण्यापेक्षा ही युक्ती सोयीची होती. तिच्यावर त्यांनी पुढे स्वतंत्र निबंध लिहिला.

डिसेंबर १८२९ मध्ये काटकसर म्हणून सरकारने हे पदच रद्द केले. काम अर्धवट होते. साईक्स यांनी लष्करी कामावर परत न जाता मोजणी पुरी करण्याचा निर्णय घेतला. जानेवारी १८३१ मध्ये अहवाल पुरे झाले, तेव्हाच ते मायदेशी गेले. चार कलेक्टऱ्यांचा त्यांचा अहवाल १८३७ मध्ये ब्रिटिश असोसिएशनपुढे आला.

१८३४ मध्ये लंडनमध्ये स्टॅटिस्टिकल सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत साईक्स होते. १८४७ मध्ये त्यांनी कंपनीच्या फौजांतील मृत्युदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंगाल, मद्रास, मुंबई असे प्रांत आणि गोरे व देशी शिपाई असे गट पाडून त्यांनी तुलना केली. गोऱ्या शिपायांचे मृत्युप्रमाण देशी शिपायांच्या कितीतरी पट निघाले. दोष एकट्या हवेचा नाही, दारू आणि राहणीमानही पाहायला हवे, असा त्यांचा रोख होता.

हा हिशेब शक्य झाला, कारण फौजेत दोन्ही आकडे होते : मेले किती आणि एकूण होते किती. समजा, एका गावात दहा मृत्यू झाले आणि दुसऱ्यात वीस. पहिल्याची वस्ती पाचशे आणि दुसऱ्याची चार हजार असेल, तर संकट पहिल्या गावात आहे. नकाशावर केवळ मृत्यूंचे ठिपके मांडले तर नजर दुसऱ्या गावाकडेच जाईल. नगरच्या खेड्यांची शिरगणती साईक्स यांनी केली, पण तिथल्या मृत्यूंची नियमित नोंद त्या काळी नव्हती. त्यामुळे शिपायाचा मृत्युदर काढता आला, शेतकऱ्याचा नाही.

साईक्स १८५६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले, १८५७ पासून अखेरपर्यंत अ‍ॅबरडीनचे खासदार राहिले. दख्खनचे पक्षी आणि मासे यांवरही त्यांनी लिहिले. एका चंडोलाला आजही त्यांचे नाव आहे. १६ जून १८७२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मुंबई इलाख्याची खानेसुमारी झाली होती.

आज जिल्ह्याचे आरोग्य नियोजन २०११ च्या जनगणनेवर उभे आहे. तेव्हा लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती. सपाटीवर ३० हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष. पण वीस हजार लोक बाजारपेठेच्या गावाभोवती राहतात की हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी वाड्यावस्त्यांत विखुरले आहेत, हे आकडा सांगत नाही. ते नकाशावर कळते. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. त्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधली कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. ती मोजली जातील कारखान्याच्या तळावर आणि जूनमध्ये बाळाची लस मागतील आपल्या गावी. कोण कुठे आणि केव्हा मोजला गेला, हे लिहून ठेवले तरच त्या लसीचा हिशेब बरोबर बसेल.