संधी देणारे विजय मर्चंट

मुलांनो, क्रिकेट तुम्हां सर्वांना आवडते. सामना असला की तुम्ही रेडिओजवळ किंवा टीव्हीसमोर बसता. कोणी किती धावा काढल्या, कोणी किती बळी घेतले, हे तुम्हांला तोंडपाठ असते. पण मैदानात उतरणारे अकरा खेळाडू कोण निवडते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? हे काम निवड समिती करते. तिचे काम मैदानावर दिसत नाही. तिच्यासाठी टाळ्या वाजत नाहीत. संघ हरला की मात्र सगळे तिलाच दोष देतात.

आज आपण अशा एका माणसाची ओळख करून घेऊ, जो स्वतः फार मोठा फलंदाज होता आणि पुढे निवड समितीचा अध्यक्ष झाला. त्याने तरुण मुलांवर विश्वास ठेवला. त्या विश्वासाने भारतीय क्रिकेटचे रूप बदलले. या माणसाचे नाव विजय मर्चंट.

विजय मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत एका श्रीमंत गुजराती कुटुंबात झाला. हे कुटुंब कापडगिरण्यांचे मालक होते. त्यांचे खरे आडनाव ठाकरसी. मग ते मर्चंट कसे झाले? त्याची एक गमतीची गोष्ट सांगतात. ते लहान असताना शाळेच्या इंग्रज मुख्याध्यापिकेने त्यांना नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला. वडील व्यापारी होते. व्यापारी या अर्थाचा इंग्रजी शब्द मर्चंट. बाईंनी तोच शब्द आडनाव म्हणून लिहून घेतला आणि तेच नाव त्यांना जन्मभर चिकटले.

विजय यांना लहानपणापासून क्रिकेटची आवड होती. शाळेत आणि नंतर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी आपल्या खेळाने सर्वांचे लक्ष वेधून घेतले. ते अंगाने धिप्पाड नव्हते. जोराने चेंडू टोलवण्यापेक्षा नजर, पायांची हालचाल आणि मनगट यांवर त्यांचा भर असे. चेंडू अगदी जवळ येईपर्यंत थांबून तो यष्टींच्या मागच्या बाजूला हलकेच वळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

१९३२ साली भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्या वेळी आपल्या देशात स्वातंत्र्याचा लढा चालू होता. इंग्रज सरकारने महात्मा गांधी आणि इतर नेत्यांना तुरुंगात टाकले होते. याचा निषेध म्हणून विजय मर्चंट त्या दौऱ्यावर गेले नाहीत. तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. विचार करा, त्या वयात इंग्लंडमध्ये खेळण्याची संधी सोडणे किती कठीण असेल!

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३३ मध्ये, मुंबईच्या जिमखाना मैदानावर भारतातला पहिला कसोटी सामना झाला. त्या सामन्यात मर्चंट प्रथमच भारताकडून खेळले. याच सामन्यात लाला अमरनाथ यांनीही कसोटी क्रिकेटमध्ये पाऊल टाकले आणि भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले. लाला अमरनाथ हे नाव लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा येणार आहे.

१९३६ साली मर्चंट इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. या दौऱ्यावर भारताच्या संघात एकजूट नव्हती. संघाचे कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार होते. ते श्रीमंत होते, मोठ्या घराण्यातले होते, पण खेळाडू म्हणून साधारणच होते. लाला अमरनाथ यांच्यासारख्या गुणी खेळाडूला तर दौरा अर्ध्यावर टाकून मायदेशी परत पाठवण्यात आले. खेळापेक्षा मानमरातबाला महत्त्व मिळाले, तर संघाचे काय होते, हे मर्चंट यांनी तेथे जवळून पाहिले.

तरीही या दौऱ्यातली एक आठवण सोन्यासारखी आहे. मँचेस्टरच्या कसोटी सामन्यात इंग्लंडने ५७१ धावांचा डोंगर उभा केला. भारताचा पहिला डाव २०३ धावांत आटोपला. फॉलोऑन मिळाला. आता भारत मोठ्या फरकाने हरणार, असे सर्वांना वाटले. दुसऱ्या डावात सलामीला विजय मर्चंट आणि इंदूरचे सय्यद मुश्ताक अली ही जोडी आली. मर्चंट शांत आणि काटेकोर, तर मुश्ताक अली धाडसी आणि मनमौजी. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत त्या काळी धर्मावरून संघ पाडले जात. तेथे मर्चंट हिंदूंच्या संघात असत आणि मुश्ताक अली मुसलमानांच्या. पण मँचेस्टरला दोघे एकाच देशासाठी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्यांनी २०३ धावांची भागीदारी केली. मुश्ताक अलींनी ११२ आणि मर्चंटनी ११४ धावा काढल्या. भारताने तो सामना वाचवला. परदेशात शतक काढणारे मुश्ताक अली हे पहिले भारतीय ठरले आणि मर्चंट दुसरे.

नंतर दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि अनेक वर्षे कसोटी सामने बंद पडले. मर्चंट यांच्या उमेदीची वर्षे अशीच गेली. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी दोन हजारांहून अधिक धावा काढल्या. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा केल्या. तेव्हा त्यांचे वय चाळीस होते. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या खांद्याला दुखापत झाली आणि त्यांना खेळ सोडावा लागला. अठरा वर्षांत त्यांना फक्त दहा कसोटी सामने खेळायला मिळाले. पण प्रथम श्रेणीच्या सर्व सामन्यांत त्यांची सरासरी ७१.६४ आहे. दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत या बाबतीत त्यांच्यापुढे एकटे डॉन ब्रॅडमन आहेत.

मुलांनो, येथे त्यांच्या खेळाची गोष्ट संपते आणि दुसऱ्या कामाची सुरू होते.

१९६९ साली न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया हे दोन संघ भारतात आले. तेव्हा मर्चंट निवड समितीचे अध्यक्ष होते. भारताच्या संघात नावाजलेले खेळाडू होते, पण त्यांतले काही तिशी ओलांडून पुढे गेले होते. चपळ क्षेत्ररक्षक कमी होते. मर्चंट यांनी ठरवले, की आता नव्या मुलांना संधी द्यायची. एकामागून एक नवे चेहरे संघात येऊ लागले. चेतन चौहान आले. अशोक मांकड आले. आणखीही काही तरुण आले.

त्यांतला एक मुलगा म्हणजे एकनाथ सोलकर. त्याचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची देखभाल करत. तेथेच एका लहानशा खोपटात हे कुटुंब राहत असे. एकनाथ लहानपणी मैदानावर धावफलकाचे आकडे बदलायचा. मोठ्यांचा खेळ पाहत पाहत तो शिकला. गिरणीमालकाच्या मुलाने माळ्याच्या मुलाला भारताच्या संघात निवडले, ही गोष्ट किती मोठी आहे पाहा! हा एकवीस वर्षांचा मुलगा १९६९ साली हैदराबादच्या कसोटीत भारताकडून खेळला.

दुसरा मुलगा म्हणजे म्हैसूर राज्याचा गुंडप्पा विश्वनाथ. ठेंगणा, सडपातळ आणि अबोल. ऑस्ट्रेलियाविरुद्ध कानपूरच्या कसोटीत तो पहिल्यांदा खेळला आणि पहिल्याच डावात शून्यावर बाद झाला. त्याला फार वाईट वाटले. पण कर्णधार मन्सूर अली खान पतौडी यांनी त्याला धीर दिला. दुसऱ्या डावात त्याने १३७ धावा काढल्या. तिसरा मुलगा होता एकोणीस वर्षांचा मोहिंदर अमरनाथ. तो लाला अमरनाथ यांचा मुलगा. बापाने ज्या सामन्यात पहिली कसोटी खेळली, त्याच सामन्यात मर्चंटही पहिली कसोटी खेळले होते. आता मुलाच्या पहिल्या कसोटीच्या वेळी मर्चंट निवड समितीचे अध्यक्ष होते.

आता तुम्हांला वाटेल, की तरुण मुले आली आणि भारत लगेच जिंकू लागला. तसे झाले नाही. न्यूझीलंडविरुद्धची मालिका बरोबरीत सुटली. नागपूरचा सामना तर भारत हरला. न्यूझीलंडने भारतात जिंकलेला तो पहिलाच कसोटी सामना. ऑस्ट्रेलियाने भारताला तीन सामन्यांत हरवले आणि एकच सामना गमावला. निवड समितीवर टीका झाली. नवशिक्यांना घेऊन सामने हरायचे कशाला, असे लोकांना वाटू लागले.

अशा वेळी काय करावे? जुने खेळाडू परत आणावेत आणि टीका थांबवावी, हा सोपा मार्ग होता. पण रोप लावल्यावर दुसऱ्याच दिवशी फळे येत नाहीत. रोज रोप उपटून मुळे पाहिली, तर ते मरून जाते. पहिल्या अपयशाबरोबर मुलांना घरी पाठवले, तर त्यांची तयारी कधी होणार? विश्वनाथ आणि सोलकर संघात टिकले. सगळ्यांना मात्र लगेच जागा मिळाली नाही. मोहिंदरला दुसऱ्या कसोटीसाठी १९७६ पर्यंत थांबावे लागले.

जानेवारी १९७१ मध्ये याहून अवघड प्रसंग आला. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. पतौडी १९६२ पासून कर्णधार होते. वयाच्या एकविसाव्या वर्षी, एका डोळ्याची दृष्टी अधू झालेली असताना, त्यांनी संघाची धुरा उचलली होती. १९६८ साली न्यूझीलंडमध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने परदेशातली पहिली मालिका जिंकली होती. तरुणांना पुढे आणण्यात आणि क्षेत्ररक्षण सुधारण्यात त्यांचाही मोठा वाटा होता. दुसरे नाव होते मुंबईच्या अजित वाडेकर यांचे. समितीत दोन्ही बाजूंना सारखी मते पडली. अध्यक्ष म्हणून मर्चंट यांना निर्णायक मत द्यावे लागले. ते त्यांनी वाडेकरांना दिले. देशभर खळबळ उडाली. पतौडींचे चाहते नाराज झाले. हा निर्णय योग्य होता की नाही, यावर लोक पुढे कित्येक वर्षे वाद घालत राहिले.

या दौऱ्यासाठी मुंबईच्या आणखी एका मुलाची निवड झाली. तो विद्यापीठाच्या सामन्यांत धावांच्या राशी घालत होता. वय एकवीस, नाव सुनील गावसकर. पण संघात केवळ तरुणच नव्हते. दिलीप सरदेसाई, सलीम दुराणी आणि जयसिंहा यांच्यासारखे अनुभवी खेळाडूही होते. नव्यांना जुन्यांचा आधार लागतो, हेही येथे ध्यानात घ्यायला हवे.

मार्च १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे भारताने वेस्ट इंडिजला हरवले. त्यापूर्वी भारताने वेस्ट इंडिजविरुद्ध एकही कसोटी जिंकली नव्हती. सरदेसाईंनी शतक काढले. पहिलीच कसोटी खेळणाऱ्या गावसकरने ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या. चार सामन्यांत त्याने एकूण ७७४ धावा काढल्या. भारताने मालिका जिंकली. त्याच वर्षी संघ इंग्लंडला गेला. ओव्हलच्या मैदानावर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले. सोलकरने फलंदाजाच्या अगदी जवळ उभे राहून, पुढे झेपावत ॲलन नॉटचा झेल टिपला. हैदराबादच्या सय्यद आबिद अलीने चौकार मारला आणि २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिला कसोटी सामना जिंकला. ती मालिकाही भारताची झाली. आणि वाट पाहणारा मोहिंदर? १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तोच सामनावीर ठरला.

मर्चंट यांनी संधी देण्याचे काम केवळ मैदानापुरते ठेवले नाही. अंध आणि अपंग माणसांसाठी त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांना दया नको, काम हवे, असे ते मानत. आकाशवाणीच्या विविध भारतीवर त्यांचा क्रिकेटविषयीचा कार्यक्रम होत असे. तो ऐकायला लोक रविवारची वाट पाहत. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज भारतात सोळा वर्षांखालील मुलांसाठी विजय मर्चंट करंडक स्पर्धा घेतली जाते. त्यांच्या नावाची स्पर्धा मुलांसाठीच असावी, हे किती योग्य आहे!

मुलांनो, तुम्हीही गल्लीत किंवा शाळेच्या मैदानावर संघ पाडता. अशा वेळी एखादा लहान, नवखा मुलगा कडेला उभा राहून तुमच्याकडे पाहत असतो. त्याच्या हातून पहिला झेल सुटेल. पहिल्या चेंडूवर तो बादही होईल. तरी त्याला खेळायला घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा. कानपूरच्या पहिल्या डावातले विश्वनाथचे शून्य आठवा, म्हणजे असे का करायचे ते तुमच्या लक्षात येईल.