देवगिरीच्या कचेरीतले नाथ

दत्ताची जी आरती आपण रोज टाळ्या वाजवत म्हणतो, ती एकनाथ महाराजांची आहे हे सर्वांना ठाऊक आहे. शेवटच्या कडव्यात त्यांनी आपल्या नावाला गुरूचे नाव जोडून ठेवले आहे. पण ही आरती लिहिणारे नाथ ऐन उमेदीत किल्ल्याच्या कचेरीत जमाखर्च लिहीत होते, हे आरती म्हणताना कुणाच्या मनात येत नाही. माझ्या येते. ३६ वर्षे बँकेत खतावण्या लिहिल्या, त्यामुळे संतचरित्र वाचतानासुद्धा माझी नजर आधी हिशेबावर जाते. त्याला इलाज नाही.

नाथांचा जन्म पैठणचा, भानुदासांच्या कुळातला. विजयनगरला गेलेली पांडुरंगाची मूर्ती पंढरपुराला परत आणली असे ज्यांच्याबद्दल सांगतात, तेच हे भानुदास. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी लहानपणीच गेली. आजोबा चक्रपाणी यांनी नातवाला वाढवले. मुलगा हुशार, पण ओढ सगळी देवाकडे. बाराव्या वर्षाच्या सुमारास कुणाला न सांगता त्याने घर सोडले आणि देवगिरीची वाट धरली. पैठणपासून हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटर भरते. एवढा पोर एकटा चालत गेला, आणि घरी म्हाताऱ्या आजी-आजोबांचे काय झाले असेल, हे आज आजोबा झाल्यावर मला जास्त जाणवते.

देवगिरीला होते जनार्दनस्वामी. मूळचे चाळीसगावचे देशपांडे, दत्ताचे उपासक, आणि निजामशाहीत देवगिरीचे किल्लेदार. हे लक्षात घेण्यासारखे आहे. नाथ गुरूच्या शोधात निघाले ते एखाद्या गुहेत गेले नाहीत, सरकारी अंमलदाराच्या दारात गेले. स्वामींच्या अंगावर किल्ल्याचा बंदोबस्त, शिबंदी, वसुली असे सगळे होते. गुरुवार तेवढा त्यांनी दत्तसेवेसाठी मोकळा ठेवला होता आणि त्या दिवशी किल्ल्यावरचे कामकाज बंद असे, अशी परंपरा सांगते. बाकीचे सहा दिवस कचेरी! आमच्यासारखी मंडळी म्हणत आली की एकदा निवृत्त झालो की मग परमार्थ. स्वामींनी तसली वाट पाहिलेली दिसत नाही.

नाथांनी गुरूच्या घरी पडेल ते काम केले. पाणी, पूजेची तयारी, पाय चेपणे. पुढे स्वामींनी त्यांच्याकडे हिशेबाचे काम दिले. एका रात्री जमाखर्चात एका पैचा फरक येऊ लागला. नाथ दिवा लावून बसले. वरून खाली, खालून वर, पुन्हा पहिल्यापासून. दोन प्रहर रात्र उलटली, तहानभूक, झोप कशाचे भान नाही. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, काय झाले म्हणून विचारले. पै सापडल्याचे ऐकून ते म्हणाले की एका पैच्या चुकीसाठी मन असे लागते, तर हेच मन भगवंताकडे लागले तर काय होईल!

ही कथा कीर्तनात आपण पन्नासदा ऐकली असेल. बुवा बहुधा पै क्षुद्र आणि देव मोठा अशी तुलना करतात. बँकेतल्या माणसाला ती थोडी वेगळी दिसते. संगणक येण्यापूर्वी आमचे सगळे बॅलन्सिंग हाताने चाले. लेजरांची बेरीज जुळली नाही की उशिरापर्यंत बसायचे. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असा संशय घ्यायचा, ५४ चे ४५ पडले असतील. फरक दोनने भागून ती रक्कम शोधायची, जमेची नोंद नावे पडली असेल. एका पैशाचा फरक राहिला तर नवखा पोरगा म्हणे, साहेब, टाका किरकोळ खात्याला आणि घरी चला. जुनी माणसे ऐकत नसत. कारण एका पैशाचा फरक म्हणजे एकाच पैशाची चूक असे नसते. इकडे दहा हजारांची चूक, तिकडे दहा हजार आणि एक पैशाची चूक, आणि दोन्ही एकमेकींना झाकून बसलेल्या, बाहेर दिसतो तो फक्त एक पैसा. नाथांनी ती पै खिशातून भरली नाही, यातच मला त्यांचा साधक दिसतो. आणि स्वामींनीही वही बाजूला ठेव असे सांगितले नाही. जे मन वहीत गेले होते तेच त्यांना हवे होते.

ध्यानाला बसू लागल्यावर ही गोष्ट मला रोज उपयोगी पडते. निवृत्तीनंतर पहाटे पाचला देवासमोर डोळे मिटून बसतो. काय येते समोर? महागाई भत्ता, नातवाची फी, शेजाऱ्याने लावलेली गाडी, तीस वर्षांपूर्वी कुणी बोललेला एक शब्द. पूर्वी मी या विचारांना हाकलत असे. आता एखादी बारीकशी टोचणी आली की तिला पै समजतो आणि तिच्या मागे काय दडले आहे ते शांतपणे पाहतो. शेजाऱ्याच्या गाडीमागे बहुतेक वेळा गाडी नसतेच. कधी सापडते, कधी नाही. पण त्या शोधात अर्धा तास जातो आणि उठताना मन हलके असते. समाधी वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही.

नाथांना पुढे गुरुकृपेने दत्तदर्शन झाले. तेही कसे? तीन मुखे, सहा हात अशा रूपात नव्हे. मलंगाच्या वेषात, बरोबर कुत्री घेऊन. त्या कुत्रीचे दूध काढून मलंग आणि स्वामी एका पात्रात जेवले, आणि शिष्य बाजूला गोंधळून उभा. ती कुत्री म्हणजे कामधेनू हे त्याला मागाहून कळले. यानंतर स्वामींनी त्यांना जवळच्या शूलिभंजन डोंगरावर तपाला पाठवले. आज तिथे दत्ताचे मंदिर आहे.

मग तीर्थयात्रा झाली, त्र्यंबकेश्वरी चतुःश्लोकी भागवतावर टीका झाली, आणि नाथ पैठणला आले. स्वामींनी आज्ञापत्र देऊन ठेवले होते की आता इथेच राहून गृहस्थाश्रम करावा. पत्र जिथे हातात पडले तिथेच ते थांबले. वैजापूरच्या गिरिजाबाईंशी लग्न झाले. घरात रोज अतिथी, पहाटे चिंतन, गोदेचे स्नान, दुपारी पुराण, रात्री कीर्तन. तापल्या वाळवंटातले पोर कडेवर घेणे, काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणे, या कथा सर्वांना पाठ आहेत. भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पैठणला सुरू झाली आणि शके १४९५ च्या, म्हणजे १५७३ सालच्या, कार्तिकी पौर्णिमेला काशीत पुरी झाली. ओव्या १८ हजारांहून अधिक. या सगळ्यात स्वयंपाकघर केवढे चालले असेल! गिरिजाबाईंचे नाव आरतीत नाही, पण त्यांच्या हाताशिवाय हे घर उभे राहिले नसते.

ज्ञानेश्वरीच्या शुद्ध प्रतीचे काम मात्र पुन्हा हिशेबनिसाचे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. मधल्या तीनशे वर्षांत लोकांनी त्यात काय काय घुसडले होते. स्वतः एवढे मोठे कवी असून आपली एकही ओवी त्यात मिसळायची नाही, आणि पुढे कुणी मिसळू नये असे बजावायचे. देवगिरीच्या वहीतली शिस्त इथे दिसते.

आता नाथांच्या उतारवयाची गोष्ट. कीर्तनात ती चमत्कारासाठी सांगतात. मला चमत्काराच्या आधीचे दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. मुलगा हरिपंडित विद्वान शास्त्री झाला. वडील प्राकृतात पुराण सांगतात आणि कुणाच्याही घरी जेवतात, हे त्याला पटेना. तो रागावून काशीला निघून गेला. नाथ स्वतः काशीला गेले, मुलाची समजूत घातली. मुलाने दोन अटी घातल्या. प्राकृत पुराण सांगायचे नाही, परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

विचार करा. साऱ्या पैठणने ज्यांचे ऐकले, ते नाथ आपल्याच वाड्यात गप्प बसले. पुराण हरिपंडित सांगू लागले, श्रोते कमी होत गेले, तरी नाथ काही बोलले नाहीत. ज्याच्या खिडकीसमोर रांग लागत असे, त्याला घरी भाजी कोणती आणायची हेही कुणी विचारत नाही, अशी तक्रार आमच्या कट्ट्यावर रोज होते. विजेचे बिल मुलगा मोबाइलवर भरतो, ते भरले की नाही एवढेच आम्ही दोनदा विचारतो आणि त्यावरून वाद होतो. नाथांनी कुठे तक्रार केल्याचे चरित्रात नाही. मुलाशी वाद घालून त्याला हरवणे त्यांना अवघड नव्हते, पण त्यांनी ते केले नाही, आणि कुढतही बसले नाहीत.

अशात एका गरीब विधवेने सहस्रभोजनाचा संकल्प केला होता, तो तिला झेपेना. एका ज्ञानी पुरुषाला जेवू घाल म्हणजे हजारांचे पुण्य, असे तिला कुणी सांगितले. ती नाथांकडे आली. नाथांनी आधी मुलाची परवानगी घेतली. हरिपंडितांनी स्वतः स्वयंपाक केला, म्हणजे परान्नाचा दोष नको. जेवण झाल्यावर नाथांनी मुलालाच पत्रावळ उचलायला सांगितली. एक उचलली की खाली दुसरी. अशा हजार निघाल्या. हरिपंडितांनी पाय धरले आणि दोन्ही अटी मागे घेतल्या. नाथांचे प्राकृत पुराण पुन्हा सुरू झाले.

शेवटचा ग्रंथ भावार्थ रामायण. युद्धकांडाचा ४४ वा अध्याय झाला आणि नाथांनी लेखणी ठेवली. शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला कीर्तन करून त्यांनी गोदावरीत देह ठेवला. उरलेले काम त्यांनी गावबांवर सोपवले होते. हे गावबा म्हणजे पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिलेला, शिकण्यात मंद समजला गेलेला मुलगा. पंडित मुलगा घरात असताना लेखणी गेली ती त्याच्याकडे, आणि युद्धकांडाचे राहिलेले अध्याय व उत्तरकांड त्याने पुरे केले.