फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. शहराचंच नाव त्यांना ठेवलं. घरचे लोक इंग्रज आणि खूप श्रीमंत होते. त्यांना परिचारिका व्हायचे होते, पण घरचे नको म्हणत. तेव्हा ते काम हलके समजत. तरी १८५१ साली जर्मनीत जाऊन त्या रोग्यांची सेवा शिकल्या.

१८५३ साली लंडनला आजारी बायकांच्या एका लहान दवाखान्याचा कारभार त्यांच्याकडे आला. ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. परिचारिका नुसती जिने चढत-उतरत राहिली, तर रोग्याकडे कोण बघणार? म्हणून त्यांनी आग्रह धरला, की गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर यावे, जेवण यंत्राने वर चढावे आणि रोग्यासाठी घंटा असावी.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात गेल्या. तिथे घाणच घाण होती. जखमांपेक्षा रोगानेच जास्त सैनिक मरत. रोगी हजारो आणि परिचारिका थोड्या! रात्री त्या दिवा घेऊन फिरत. १८५५ साली गटारे साफ झाली, मग मरणारे कमी झाले. त्या स्वतः मात्र तापाने आजारी पडल्या आणि पुढे पुष्कळ वर्षे अंथरुणावरूनच काम करत राहिल्या.

१८६० साली लंडनला सेंट थॉमस दवाखान्यात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या वारल्या. १२ मे हा दिवस परिचारिका दिन म्हणून पाळतात.

मला वाटतं, सिस्टर दमल्या की रोग्याचेच हाल होतात. म्हणून दवाखान्यात आपण त्यांना उगाच हाका मारू नयेत.