लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक, यंत्रकार आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. औंध संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ त्यांनी १९१० साली वसवलेली किर्लोस्करवाडी ही भारतातील सर्वांत जुन्या औद्योगिक वसाहतींपैकी एक आहे. परदेशी यंत्र उकलून पाहणे, त्यातील तत्त्व समजून घेणे आणि ते इथल्या जमिनीला, बैलांना व शेतकऱ्याच्या ऐपतीला मानवेल अशा रूपात पुन्हा घडवणे, हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते. लोखंडी नांगरापासून सुरू झालेली ही वाटचाल पुढे पंप, लेथ आणि डिझेल इंजिने यांपर्यंत पोहोचली.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे आद्य नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे जन्मगावही हेच. घरातील वातावरण विद्येचे होते. परंतु लक्ष्मणरावांचे मन शालेय अभ्यासापेक्षा चित्रकलेत आणि यंत्रांत अधिक रमत असे. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे आढळले आणि रंगचित्रांची वाट बंद झाली. तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. यंत्राचा प्रत्येक भाग मापात रेखाटण्याची ही विद्या त्यांच्या पुढील सर्व उद्योगाचा पाया ठरली.

शिक्षणानंतर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी रेखाटनाचे शिक्षक म्हणून नोकरी पत्करली. फावल्या वेळात तेथील कार्यशाळेत यंत्रे हाताळणे आणि परदेशी तांत्रिक नियतकालिके वाचणे हा त्यांचा परिपाठ होता. वंशभेदामुळे हक्काची बढती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

सायकलचे दुकान

सायकल हे वाहन त्या काळी नवलाईचे होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामचंद्रराव उर्फ रामूअण्णा त्या बेळगावात विकत. सायकल विकण्याबरोबरच ती चालवायला शिकवणे व दुरुस्त करणे हाही धंद्याचा भाग होता. किर्लोस्कर समूह १८८८ हे आपल्या स्थापनेचे वर्ष मानतो, ते या दुकानाच्या आरंभावरून. बेळगावातील एका रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड हे नाव आहे.

सायकलची विक्री हा आयात मालाचा व्यापार होता आणि त्यावर लक्ष्मणराव समाधानी नव्हते. आपल्या भागातील बहुसंख्य लोक शेतकरी आहेत, तेव्हा त्यांच्या उपयोगाची वस्तू स्वतः तयार करावी, असा विचार करून त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर ते नांगराकडे वळले.

लोखंडी नांगर

परंपरागत लाकडी नांगर जमीन चिरतो, पण माती उलथवीत नाही. हरळी आणि कुंदा यांसारखी खोल मुळांची तणे त्यामुळे शेतात तशीच राहतात. इंग्लंडहून येणारे लोखंडी नांगर हे काम करीत. परंतु ते महाग होते आणि त्यांचे सुटे भाग मिळणे दुरापास्त होते. लक्ष्मणरावांनी असा नांगर देशी ओतकामातून तयार केला.

या कामात दोन अडचणी होत्या. पहिली धातूची. नांगराचा फाळ मऊ असला तर तो खडकाळ रानात झिजतो आणि फार कडक असला तर दगडावर आपटून तुटतो. आयात नांगराच्या फाळाइतका टिकाऊ फाळ मिळेपर्यंत बिडाच्या ओतकामात पुष्कळ प्रयोग करावे लागले. दुसरी अडचण शेतकऱ्यांच्या मनातील होती. लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाते आणि ती नापीक होते, असा समज रूढ होता. त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. एका हंगामातील अपयश म्हणजे वर्षभराची उपासमार, अशी स्थिती असलेल्या शेतकऱ्याची ही सावधगिरी अगदीच निराधार नव्हती. शेजारच्या रानातील पीक डोळ्यांनी पाहिल्यावरच तिचे निरसन होऊ शकत होते.

किर्लोस्करवाडीची स्थापना

नांगराचा धंदा मूळ धरू लागला असतानाच नगराच्या विस्तारासाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. भांडवल बेताचे आणि नवी जागा नाही, अशा स्थितीत लक्ष्मणरावांना साहाय्य मिळाले ते औंध संस्थानाचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे. औंध येथील मंदिराच्या सभामंडपाच्या कामाच्या निमित्ताने दोघांचा निकटचा परिचय झाला होता. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांची योग्यता ओळखून त्यांना जमीन आणि कर्ज दिले.

औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आहे. मात्र संस्थानाचा मुलूख सलग नव्हता आणि कुंडलचा भाग त्यापासून दूर होता. कारखान्यासाठी निवडलेली कुंडल रोड स्थानकाजवळची ही जागा आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मोडते. जमीन सुमारे ३२ एकर होती. ती निवडुंगाने व्यापलेली, खडकाळ आणि सापांचा सुळसुळाट असलेली होती. तिचा एकच मोठा गुण म्हणजे रेल्वेची जवळीक. बीड आणि कोळसा आणणे व तयार माल पाठवणे, दोन्ही त्यामुळे शक्य झाले. मार्च १९१० मध्ये मोजके कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह लक्ष्मणराव येथे राहावयास आले.

कारखान्याबरोबरच गावही उभे राहिले. घरे, रस्ते, पाणी, शाळा यांची आखणी लक्ष्मणरावांनी यंत्राच्या आराखड्याइतक्याच काळजीने केली. वसाहतीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रखवालीचे काम देऊन त्यांच्यावर विश्वास टाकण्याचा प्रयोगही त्यांनी केला. पत्नी राधाबाई यांचा या सामुदायिक जीवनात मोठा वाटा होता.

पहिले महायुद्ध

१९१४ साली महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशी नांगरांची आवक कमी झाली आणि देशी नांगराला मागणी वाढली. मात्र त्याच वेळी कच्चे लोखंड, कोळसा आणि रंग यांचीही टंचाई निर्माण झाली. प्रत्येक वस्तूला पर्याय शोधावा लागला. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यासाठी दिल्या, अशी हकीकत सांगितली जाते. युद्धानंतर १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली.

नांगरापासून इंजिनापर्यंत

लक्ष्मणरावांच्या कारखान्यातील उत्पादनांचा क्रम पाहिल्यास त्यांत एक सुसंगती दिसते. नांगराने खोल मशागत होऊ लागली. कृष्णाकाठी ऊस होता. त्यासाठी लोखंडी चरक आले. उसाला बारमाही पाणी लागते आणि बैलांच्या मोटेला पाणी उपसण्याची मर्यादा असते. १९२६ साली किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. या पंपात वेगाने फिरणारी पात्यांची चकती पाण्याला बाहेर फेकते व त्यामुळे खालचे पाणी वर ओढले जाते. बैलाच्या चालीने असा वेग साधत नाही. पंपामागोमाग त्याला फिरवणाऱ्या इंजिनाची किंवा मोटरीची गरज उभी राहिली.

वीज नसलेल्या खेड्यांत डिझेल इंजिन सोयीचे होते. त्यात हवा इतकी दाबली जाते की ती अतिशय तापते. त्या तप्त हवेत इंधन नेमक्या क्षणी बारीक तुषारांच्या रूपात फवारले जाते आणि ते आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनातील ठिणगी येथे लागत नाही आणि कार्ब्युरेटरही लागत नाही. परंतु इंधन फवारणारा पंप आणि नोझल केसाइतक्याही फरकाविना घडवावे लागतात. नांगराच्या ओतकामात चालणारी ढिलाई येथे चालत नाही. म्हणून अचूक काम करणारी यंत्रे, म्हणजेच लेथ, आधी हाती असणे अगत्याचे ठरते.

हा टप्पा पुढील पिढीने गाठला. लक्ष्मणरावांचे ज्येष्ठ पुत्र शंतनुराव यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. १९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी स्थापन झाली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूर येथे विजेच्या मोटरींसाठी किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या निघाल्या. इंजिनांसाठी ब्रिटिश कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेण्यात आले. उकलून शिकण्याच्या जुन्या पद्धतीला करार करून शिकण्याची ही जोड होती. विहिरीवरील डिझेल इंजिन पुढे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात घरोघरी परिचित झाले.

वाङ्मयीन कार्याशी संबंध

किर्लोस्करवाडीत यंत्रांबरोबर मासिकेही निघाली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्रक पुढे 'किर्लोस्कर' या नावाने मराठीतील एक प्रमुख मासिक बनले. 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) ही मासिकेही याच गावातून निघाली. रूढींची चिकित्सा करणाऱ्या लेखनाला या मासिकांनी हक्काची जागा दिली. लोखंडाने जमीन बिघडते हा समज दूर करण्याचे जे काम नांगराने शेतात केले, त्याच जातीचे काम या मासिकांनी घराघरांत केले.

मृत्यू आणि स्मृती

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शंतनुरावांच्या 'कॅक्टस अँड रोझेस' या इंग्रजी आत्मचरित्रात किर्लोस्करवाडीच्या जडणघडणीची हकीकत आली आहे. कुंडल रोड हे स्थानक आता किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते आणि तेथील कारखान्यात आजही पंप तयार होतात.