लहरींवरची उषाताई

मैत्रिणींनो, पातूरच्या घाटात मोबाइलची रेंज गेली की जीव नुसता कासावीस होतो, नाही का? मग 1942 सालचा विचार करा. ‘छोडो भारत’ची हाक उठली आणि सगळे पुढारी तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांची तोंडं बंद झाली. खरी बातमी लोकांना कळायची कशी?

तेव्हा मुंबईत शिकणाऱ्या बावीस वर्षांच्या उषा मेहता पुढे सरसावल्या. वडील इंग्रज सरकारचे न्यायाधीश होते, पण लेकीने साथीदारांसह चोरून ट्रान्समीटर उभारला. ऑगस्टमध्ये काँग्रेस रेडिओ बोलू लागला. आपल्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरचे अत्याचार या रेडिओने देशाला सांगितले.

लहरींचा माग काढत पोलिसांची गाडी फिरायची, म्हणून ही मंडळी सारखी जागा बदलायची. तीन महिने असेच गेले. शेवटी घात केला तो आतल्याच माणसाने. एका तंत्रज्ञाने पत्ता फोडला आणि 12 नोव्हेंबरला उषाताई पकडल्या गेल्या. चौकशीत त्यांनी तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली. 1946 साली त्या सुटल्या, पुढे मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. 1998 मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि 2000 साली त्या गेल्या.

आज आपल्या फोनमधलं ब्लूटूथही सारखी फ्रिक्वेन्सी बदलत राहतं. पण यंत्र कितीही पक्कं असलं, तरी गुपित शेवटी माणसानेच राखायचं असतं. उद्या फोनवर कुणी गोड बोलून ओटीपी मागितला, तर उषाताईंना आठवा बरं!